बघणार कशावर?

दोन वर्षांमागं, ऐन मे महिन्यातल्या एका रिसेप्शनला, मी माझीच फिल्म बघत खुर्चीत खाली खाली सरकत चाललो होतो. पाच मिनिटांची प्री-वेडिंग फिल्म, पहाटे पन्हाळ्यावर जाऊन धुकं घेतलेलं, रंकाळ्याची संध्याकाळ घेतलेली, सगळं ४के, रंग बसवायला आठ रात्री घातलेल्या. हॉल शहराबाहेरचा, स्टेजमागं भलीमोठी एलईडी वॉल. फिल्म चालू झाली आणि नवरदेव एकदम जाड. नवरी पण जाड. पन्हाळ्याची तटबंदी पण जाड. मागच्या रांगेतली एक मावशी शेजारणीला म्हणाली, "साखरपुड्यात पोरगा बारीक होता की गं." त्यात चित्र अडकत अडकत पळत होतं, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागनं यायचा, आणि शेवटाला दोघांची नावं आली तर नवरीच्या नावावरचं टिंबच गायब. नाव अंकिता धरा, खरं सांगत नाही, तर तिची झाली अकिता. तिच्या वडिलांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. राहिलेल्या बिलाचं काय झालं ते विचारू नका.

कार्यक्रम संपल्यावर तावातावानं वॉलवाल्याकडं गेलो. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, पुढ्यात जुना लॅपटॉप, हातात चहा, एकदम शांत. म्हणाला, "दादा, वॉल दोनास एक हाय, म्हंजे रुंदी उंचीच्या दुप्पट, तुमची फाईल सोळा-नऊ. कडंला काळ्या पट्ट्या दिसल्या की मालक बोंबलतोय, म्हणून ताणून बसवली." मग त्यानंच मला हिशोब सांगितला. अर्ध्या मीटरचे चौकोनी डबे असतात, त्याला ही पोरं कॅबिनेट म्हणतात, ते आडवे आठ आणि उभे चार लावले होते. पी३.९१ ची वॉल, म्हणजे एका ठिपक्यापासून पुढचा ठिपका ३.९१ मिलिमीटरवर, म्हणजे एका डब्यात १२८ बाय १२८ ठिपके, म्हणजे अख्खी वॉल किती, तर १०२४ बाय ५१२. मी तिथंच मोबाईलवर गुणाकार केला. माझ्या ४के फाईलच्या एका फ्रेममध्ये जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, आणि भिंतीवर ठिपके सव्वापाच लाख. सोळातला एक कामाला आला, बाकीचे पंधरा त्या बिचाऱ्या लॅपटॉपनं उचलून आणले आणि दारातच टाकून दिले, धाप लागणारच की. वर मी शहाणपणा करून फाईल एचईव्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ जास्त दाबून ठेवायच्या नव्या पद्धतीत काढलेली, साईज कमी होते म्हणून. जुन्या मशीनच्या चिपमध्ये ते खोलायची सोयच नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो.

सोळा-नऊचं चित्र दोनास एकमध्ये ताणलं की माणूस बरोबर साडेबारा टक्के रुंद होतोय, हे घरी येऊन काढलं. आणि टिंबाचं कारण पण तेच. नावं मी नाजूक फॉन्टमध्ये, मुद्दाम बारकी ठेवलेली, मॉनिटरवर लई भारी दिसायची. वॉलवर माझ्या पावणेचार पिक्सेलला एक ठिपका, म्हणजे टिंबाच्या वाट्याला धड एक ठिपका, तो पण अर्धवट पेटलेला. इंग्रजी अक्षरांना हा त्रास कमी, आपलं सगळं वरच्या टिंबात आणि खालच्या उकारात असतंय.

निघताना पोरगं म्हणालं, "आधी फोन केला असता तर सांगितलं असतं दादा. तुम्ही इचारलंच न्हाई."

हे मला लागलं. कारण माझं अख्खं शिक्षण त्या एकाच प्रश्नावर झालंय, आणि मी तोच विसरलो होतो.

बारावीनंतर, म्हणजे २००१ साली, मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका स्टुडिओत कामाला लागलो. मालकांना सगळे मामा म्हणायचे. लग्नाच्या शूटिंगमधली बाकीची मंडळी फोटोग्राफीतनं आलेली, मामा मात्र आधी पंधरा वर्षं एका टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटर होते. म्हणजे हा माणूस कॅमेऱ्याच्या मागनं नाही, प्रोजेक्टरच्या मागनं या धंद्यात आलेला, आणि ह्या फरकाची किंमत मला कळायला फार वर्षं लागली. गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला आलं की मामांचा पहिला प्रश्न तारीख नाही, पैसे नाहीत. "घरात काय हाय? व्हीसीआर का सीडी? टीव्ही केवढा?" वहीत तारखेच्या आधी हे लिहायचं. मी एकदा म्हटलं, मामा, हे शेवटाला विचारलं तर नाही का चालणार, तर म्हणाले, "पंगत केवढी हाय ते भात शिजल्यावर इचारतोस व्हय रं?"

केबिनमधल्या गोष्टी ते रात्री एडिटिंगला बसल्यावर सांगायचे. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपायचं, संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारका गोल ठिपका चमकून जायचा, तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, थोड्या सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला बदल. खाली बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. पण मामांच्या डोळ्याला तो कोपरा कायमचा चिकटला होता. घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला तरी जेवताना त्यांचा हात आपोआप उठायचा, असं मामी सांगायच्या.

आता हे व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओ सीडीत, कसं आलं बघा. एका सीडीवर ७४ मिनिटं. लग्न म्हणजे तीन सीड्या आल्याच. बाकीचे स्टुडिओवाले सीडी भरली की तोडायचे, मग कुणाच्या घरात "शुभमंगल साव" इथंच बंद पडायचं आणि "धान" ऐकायला उठून दुसरी सीडी घालायची. मामा लग्नाच्या आदल्या दिवशीच कागदावर तीन चौकोन काढायचे आणि कुठं तुटणार ते ठरवायचे, आणि शूटिंग त्या हिशोबानं. "सीडी बदलायला माणूस उठणार, त्याला उठायला निमित्त पायजे. अक्षता पडल्या, उठला, पाणी प्याला, दुसरी घातली." पहिली सीडी नेहमी अक्षता पडून वाजंत्री थांबली की संपायची. रीळच की ते, फक्त चकचकीत.

आणि अक्षतांचं तर वेगळंच प्रकरण. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, आणि सेकंदाला ११५० किलोबिट म्हणजे फार म्हणजे फारच थोडी जागा. एवढ्यात चित्र मावतं कसं, तर मशीन प्रत्येक फ्रेम नव्यानं लिहीत नाही, मागच्या फ्रेममधलं हे इथनं उचलून थोडं तिकडं सरकव एवढंच लिहितंय. माणूस चालला, चालतंय. कॅमेरा हळू फिरला, चालतंय. पण दोनशे माणसांनी एकदम मुठी भरून अक्षता उधळल्या की हवेतला प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला, मशीनला मागचं काहीच उचलता येत नाही, आणि बरोबर "सावधान"ला नवरा-नवरीची तोंडं चौकोनी चौकोनी विटांची होतात. जो क्षण बघायला सीडी लावली तोच फुटतो. मामांनी मला पहिल्याच लग्नात दटावलेलं, सावधान म्हटल्यावर वाईड जायचं नाही, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, घट्ट, नवरीचा चेहरा मोठा, नाहीतर टाकणाऱ्याचा हात घे, दाणे घेऊ नको. मला वाटायचं हे सौंदर्याचं काहीतरी आहे. सौंदर्य बिंदर्य काही नाही, ११५० किलोबिट होते.

तशीच गोष्ट गुलालाची. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा हवाच गुलाबी होते, आणि त्या धुरळ्याला ना कड असते ना रेघ. त्यात टीव्हीच्या फॉरमॅटमध्ये, अगदी डीव्हीडीत सुद्धा, उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची चौथा हिस्सा, कारण डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो. एरवी खपून जातंय. पण सगळं गुलाबीच असेल तर मग उरलंच काय, नुसता डाग. एका घरच्यांसाठी मी यात्रेचं असं शूट करून आणलं आणि डीव्हीडीवर त्यांच्या आईच डागात गेल्या. पुढच्या वर्षी सकाळी लवकर, ऊन तिरकं असताना, पाठीमागं पांढरं धोतर नाहीतर काळा दगड येईल असं बघून उभा राहिलो. चांगभलं.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. तिथनं जाताना मामा स्कूटर हळू करायचे. बाबूरावांनी देशी कॅमेरा याच गावात बनवला, १९२० ला त्यांचा सैरंध्री सिनेमा आला, हे आम्ही कोल्हापूरकर पाहुण्यांना चहाआधी सांगतो. मामा मात्र त्याच्या आधीचं सांगायचे. बाबूराव आणि आनंदराव, दोघं नात्यातले भाऊ, सख्खे नव्हेत, आधी नाटकाचे पडदे रंगवायचे. पडदा रंगवणाऱ्याला हात पडद्याला लावून काय दिसतंय याचा उपयोग नसतो, शेवटच्या बाकावरच्याला काय दिसणार ते आधी डोक्यात पाहिजे. जवळनं बघितलं तर नुसते फराटे. एलईडी वॉलचा हाच हिशोब आहे राव. ती पोरं ढोबळ मानानं सांगतात, जेवढ्या मिलिमीटरची पिच, म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर, तेवढे मीटर लांब बस. पी३.९१ असेल तर चार मीटर. आणि आपण आजी-आजोबांना पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवतो, मानाचे म्हणून.

मामांची शिकवण माझ्या हातनं एकदाच पूर्ण उतरली. २०१३ साल. पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी, लग्न कोल्हापुरात, आजोबा भुदरगड तालुक्यातल्या गावात, खुब्याचं हाड मोडून पडून होते. ती म्हणाली, "दादा, आजोबांना नीट दिसलं पाहिजे. बाकी कुणी नाही बघितलं तरी चालेल." मी विचारलं घरात काय आहे. टीव्ही आहे, मोठा आहे, म्हणाली. मोठा म्हणजे काय ताई. तिनं गावातल्या चुलतभावाला फोटो काढायला लावला, आणि मी म्हटलं पाठीमागचा पण काढ. तेव्हापासून मला ही खोड लागली. पुढनं टीव्ही सगळे सारखेच दिसतात, तो काय गिळतो ते पाठीमागं लिहिलेलं असतंय.

फोटो आला. एकवीस इंची, पोटवाला, चारास तीन. मागं लाल-पांढरी-पिवळी वायर, ती एका डीव्हीडी प्लेअरला. मी विचारलं रिमोट आहे ना, तर भाऊ म्हणाला हरवून दोन वर्षं झाली. झालं, मेनू गेला. रिमोटशिवाय मेनूतनं पुढं जाणार कसं? म्हणजे डिस्क आत गेली की थेट चालू झाली पाहिजे, ना फुलं उडणारी, ना "प्ले" लिहिलेलं बटण.

मग चित्राचा आकार. तेव्हा आम्ही सगळे सोळा-नऊवर गेलो होतो. ते या टीव्हीवर टाकलं तर वर-खाली काळं येणार आणि ५७६ ओळींतल्या ४३२च कामाला येणार, एकवीस इंचात, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना. मी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर डाव्या-उजव्या कडेला काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि अख्खं लग्न त्या उरलेल्या चौकोनात घेतलं. बाकीच्या नातेवाइकांना तेच सोळा-नऊमध्ये दिलं, तर कडेनं मोकळं मोकळं का दिसतंय म्हणून दोन फोन आले. एकाला पोटभर वाढलं की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणारच.

पोटवाले टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातात, म्हणून नावं मधल्या ऐंशी टक्क्यांत. त्यात अजून एक मेख. आपल्याकडं टीव्हीची पद्धत 'पाल' नावाची, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ असली तर ती एका हप्त्यात असते, दुसऱ्यात नसते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा लुकलुकणार. पैठणीच्या काठाची जर लुकलुकते ते एकवेळ शोभून दिसतं. पण देवनागरीची शिरोरेषा म्हणजे आडवी रेघच की हो! पहिल्या टेस्टला आजोबांच्या नातीचं नाव टीव्हीवर नुसतं थरथर कापत होतं. मग जाड फॉन्ट घेतला, शिरोरेषा चार ओळींची केली, वर हलकासा ब्लर मारला, तेव्हा कुठं अक्षरं गप उभी राहिली. हे कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर कधीच दिसलं नसतं, दुकानात धूळ खात पडलेला चौदा इंची टीव्ही खाली काढला म्हणून दिसलं. आवाज पण त्याच्याच स्पीकरवर ऐकून बसवला, बँडचा ढोल खाली घेतला, मंगलाष्टकं वर.

नव्वद मिनिटं, सेकंदाला सहा मेगाबिटनं, चार जीबीच्या वर थोडंसं जातंय, ४.७ च्या डिस्कवर आरामात बसतं. डीव्हीडीला व्हिडिओ ९.८ पर्यंत चालतोय कागदावर, पण घरी जाळलेल्या, म्हणजे रायटरनं लिहिलेल्या, डिस्कवर जुने प्लेअर तेवढ्याला अडखळतात, उगाच कशाला. चारच्या स्पीडनं सावकाश जाळली, वर स्टिकर लावला नाही, मार्करनं नाव लिहिलं.

आठवड्यानं त्या भावाचा फोन आला. आजोबांनी बघितली, संपल्यावर परत लावायला लावली, आवाज स्वच्छ आहे म्हणाले. आणि निरोप होता, "जेवणात काय होतं ते दाखवलंच नाही." नव्वद मिनिटांत बसवायला मी पंगतच कापली होती.

आता डीव्हीडी गेल्या, पण प्रश्न वाढलेत. पेनड्राइव्ह द्यायचा तर तो टीव्ही काय वाचतो? जुन्या पद्धतीनं फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला तर एक फाईल चार जीबीच्या वर बसत नाही, नव्या पद्धतीनं एक्सफॅट केला तर बरेच जुने टीव्ही पेनड्राइव्ह लावलाय हेच मान्य करत नाहीत. म्हणून माझी सरळ रीत, एच.२६४ ही व्हिडिओ दाबायची जुनी पद्धत, १०८०, २५ फ्रेम, दहा-बारा मेगाबिट, लग्नाचे भाग पाडलेले, मामांसारखे, उठायला निमित्त बघून. ४केची मूळ फाईल वेगळ्या हार्डडिस्कवर. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला ४के पाहिजे असतंय, ड्रोन पाहिजे असतंय, आणि बघणार तो व्हॉट्सॲपवर.

गेल्या गणपतीत तालमीतली पोरं आली. "भावा, मर्दानी खेळाचं असं काढ की नाद खुळा झाला पायजे. वॉलवर बी लावायचंय आणि स्टेटसला बी." मी म्हटलं एकातनं दोन्ही होत नाही. आडव्या १९२० च्या चित्रातनं उभं कापलं की रुंदीला ६०८ उरतात, तिसरा हिस्सा पण नाही. एका लग्नात हे करून बघितलंय, आडव्या फ्रेममध्ये डावीकडं नवरा, उजवीकडं नवरी, मधे अंतरपाट, आणि उभं कापलं तर दीड मिनिट नुसता अंतरपाट. म्हणून आता वेगळा माणूस वेगळा फोन उभा धरून, त्याचे पैसे वेगळे. पोरं म्हणाली आम्हीच आमच्या फोनवर घेतो, तू फक्त जोड. घेतलं त्यांनी, ३० फ्रेमनं. माझं २५. सहातली एक फ्रेम गाळून जोडलं तर बसलेली माणसं ठीक दिसतात, पण लाठी फिरायला लागली की दर पाच फ्रेमनंतर टुणकन उडी. पोरांनी लगेच ओळखलं, लाठी त्यांच्या हातातली ना. शेवटी त्यांचं सगळं स्टेटसला दिलं आणि वॉलसाठी माझं एकट्याचं ठेवलं. वॉलवाल्याला आधी फोन केला होता. योगायोगानं तेच पोरगं. "पी४, तीनास एक, दादा. ह्या टायमाला इचारलासा!"

परवा एक बाई आल्या, सासूबाईंच्या पंचाहत्तरीची फिल्म करायची, बघणार गावच्या घरात. टीव्हीला यूएसबी आहे, म्हणाल्या, मी बघितलंय. मी म्हटलं ताई, तरी पाठीमागचा फोटो पाठवा. काल रात्री आला. जाळी, पालीची दोन अंडी, अँटेनाची तुटकी वायर, आणि यूएसबीचं भोक आहे खरं, पण त्याच्याखाली बारीक इंग्रजीत छापलंय, सर्व्हिस ओन्ली. म्हणजे ते मेकॅनिकसाठी, त्यात फिल्म चालत नाही. शेजारी लाल, पांढरी, पिवळी तीन भोकं. सकाळपासनं माळ्यावर डीव्हीडी रायटर शोधतोय.